जड वाहनाने आधी जागा द्यावी : सायकलविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही सायकलविषयीचे प्रश्न मागवले होते. गिअर, टायर आणि किमती यांविषयी पत्रे येतील असे वाटले होते. परंतु सातारा शहर आणि परिसरातून आलेल्या बहुतेक पत्रांत रस्त्यावरच्या वागणुकीची तक्रार आहे. काही तक्रारी सायकलस्वारांच्या आहेत, तर काही सायकलस्वारांविरुद्ध आहेत. दोन्ही बाजूंची निवडक पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीने काम करतो. जाणे-येणे सायकलनेच असते. कोरेगाव रस्त्यावर वडापच्या जीप आणि टेम्पो हँडलला घासतील इतक्या जवळून कट मारून जातात. साईडपट्टीवर उतरावे तर खडी आणि खोल कड. थोडे आत चालवावे तर मागून हॉर्न आणि शिव्या. सायकल नेमकी कुठून चालवावी?
(एक कामगार, संगमनगर)

उत्तर : डांबराच्या कडेपासून दोन ते अडीच फूट आत, एका सरळ रेषेत चालवावी. हे वाचून तुम्हाला धास्ती वाटेल, कारण लहानपणापासून आपल्याला ‘अगदी कडेने जा’ हेच शिकवलेले असते. परंतु अगदी कडेने चालणाऱ्या सायकलस्वाराकडे पाहून मागच्या चालकाचा असा समज होतो की, समोरून वाहन येत असले तरी मधल्या फटीतून आपण निघून जाऊ. तुम्ही थोडे आत असलात की ती फट त्याला दिसतच नाही. मग समोरचा रस्ता मोकळा होईपर्यंत थांबायचे की नाही, याचा विचार त्याला करावाच लागतो. दुसरा लाभ असा की, पुढे खड्डा आला तर डावीकडे वळायला तुमच्याकडे जागा उरते. कडेने चालणाऱ्याला खड्डा चुकवण्यासाठी एकदम उजवीकडे यावे लागते, आणि मागचा चालक नेमका तेव्हाच बेसावध असतो.

कडेला आणखीही संकटे असतात. रस्त्यावरची बारीक खडी, फुटलेल्या काचा, बाभळीचे काटे हे सारे वाहनांच्या वाऱ्याने सरकत सरकत कडेलाच साचते. दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, पण साईडपट्टीवर मुरूम टाकून ती त्या उंचीला आणली जात नाही, त्यामुळे ती कड वर्षागणिक उंच होत जाते. अशा कडेवरून चाक खाली गेले तर तसेच तिरपे वर घेण्याचा प्रयत्न कृपा करून करू नका. पुढचे चाक कडेला घासत राहते, हँडल वळूनही सायकल वळत नाही आणि तोल उजवीकडे, म्हणजे थेट रहदारीत जातो. अशा वेळी साईडपट्टीवरच वेग कमी करावा, उतरावे, मागे पाहावे आणि सायकल उचलून डांबरावर ठेवावी. साईडपट्टी भरून घेण्यासाठी रस्ता ज्या विभागाच्या ताब्यात असेल त्याच्याकडे कारखान्यातल्या सर्व सायकलस्वारांच्या सह्यांचे निवेदन द्यावे. ही मागणी क्षुल्लक नाही, तुमच्या रोजच्या जिवाशी तिचा संबंध आहे.

आता चालकांविषयी. मोटार वाहन (चालन) विनियम २०१७ मध्ये लागू झाले. पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि दिव्यांग यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी चालकाने घ्यावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. सायकलला ओलांडताना किती अंतर ठेवावे, याचा आकडा मात्र आपल्या नियमांत नाही. फ्रान्समध्ये तो शहरात एक मीटर आणि शहराबाहेर दीड मीटर आहे; जर्मनीने २०२० मध्ये शहरात दीड आणि शहराबाहेर दोन मीटर असा ठरवला. माझ्या मते आपल्या रस्त्यांवरही दीड मीटरपेक्षा कमी अंतर ठेवून सायकलला ओलांडू नये. त्यामागे साधे कारण आहे. सायकल सरळ चालली आहे असे दिसत असले तरी ती सतत थोडी डावी-उजवी होतच असते. चढाला, वाऱ्याला आणि खड्ड्याला हे हेलकावे वाढतात. शेजारून ट्रक गेला की आधी वाऱ्याचा धक्का बसतो आणि लगेच सायकल ट्रकच्या दिशेने ओढली जाते. ज्याने कॅरिअरवर डबा बांधून या रस्त्याने रात्रपाळीला सायकल नेली असेल, त्याला हे वेगळे सांगायला नको.

चालक म्हणतात, सायकलच्या मागे थांबत बसलो तर पोहोचणार कधी? हिशेब करून पाहू. ताशी १२ किलोमीटर वेगाच्या सायकलमागे शंभर मीटर जाण्यास ३० सेकंद लागतात. ताशी ४० च्या वेगाने तेच अंतर ९ सेकंदांत कापले जाते. म्हणजे खोळंबा २१ सेकंदांचा. पोवई नाक्यावर आपण सारे याहून अधिक वेळ कुरकुर न करता उभे राहतो.

या सदरातल्या पुढच्या सर्व उत्तरांना लागू होणारी गोष्ट येथेच सांगून ठेवतो. ज्याचे वाहन अधिक जड आणि अधिक वेगवान, त्याने आधी जागा द्यावी, कारण चूक कोणाचीही असली तरी इजा हलक्यालाच होते. ट्रकने मोटारीला, मोटारीने दुचाकीला, दुचाकीने सायकलला आणि सायकलने पायी चालणाऱ्याला जागा द्यावी. या साखळीतला शेवटचा दुवा सायकलस्वार बहुधा विसरतात, आणि पुढची काही पत्रे त्याविषयीच आहेत.

प्रश्न : मागून सतत हॉर्न वाजवणाऱ्याला काय उत्तर द्यावे?
(एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर : उत्तर देऊ नये आणि रेषा सोडू नये. हॉर्न ऐकून दचकून बाजूला होणे हेच सर्वांत धोक्याचे आहे. मागे एकदा शांतपणे पाहावे, म्हणजे आपण त्याला पाहिले आहे हे त्याला कळते, आणि पुढे मोकळी जागा आल्यावर हाताने त्याला पुढे जाण्याची खूण करावी. आवश्यक तेव्हा एकदा वाजवलेला छोटा हॉर्न हा इशारा असतो, त्याचा राग मानू नये. कर्कश किंवा अनेक सुरांत वाजणारे हॉर्न वाहनाला बसवण्यास मात्र केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या ११९ व्या नियमानेच मनाई आहे, आणि अशा वाहनाचा क्रमांक टिपून वाहतूक पोलिसांना कळवण्यात काहीही संकोच बाळगू नये.

प्रश्न : मी ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर चालक आहे. मागे दोन ट्रॉल्या असतात. तुमच्यासारखे लोक नेहमी आम्हालाच नावे ठेवतात, पण रात्री विनादिव्याचे सायकलवाले आम्हाला दिसतच नाहीत. शाळेची पोरे चढाला ट्रॉलीला धरून सायकल ओढून घेतात, कोणी मागून ऊस उपसतात. एखादा चाकाखाली आला तर लोक आम्हालाच मारतील. याविषयीही लिहा.
(एक ट्रॅक्टरचालक, कोरेगाव तालुका)

उत्तर : तुमचे पत्र आले याचा फार आनंद झाला, कारण या बाजूने सहसा कोणी लिहीत नाही. तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे. दोन भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे काय चालले आहे हे चालकाला दिसणे अशक्य असते. उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या असतात, इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, आणि ब्रेक लावल्यावर इतके ओझे जागच्या जागी थांबत नाही. ट्रॉलीला धरून चढ चढणाऱ्या मुलाचा एक हात ट्रॉलीवर आणि एक हँडलवर असतो. त्याच्या पुढचे चाक खड्ड्यात गेले की तो मागच्या ट्रॉलीच्या चाकाकडेच पडतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी कोरेगाव, सातारा, कराड या तालुक्यांतल्या शाळांनी मुलांना ही एक गोष्ट, एखाद्या ट्रॅक्टरचालकालाच शाळेत बोलावून, त्याच्या तोंडून ऐकवावी असे मला मनापासून वाटते. शिक्षकांच्या सूचनेपेक्षा तिचा परिणाम अधिक होईल.

विनादिव्याच्या सायकलींविषयीही मी तुमच्याच बाजूने आहे. एके काळी सायकलला दिवा नसला तर पोलीस अडवत असत, हे जुन्या पिढीला आठवत असेल. तो धाक गेला, पण गरज गेली नाही. मागे लाल आणि पुढे पांढरा असे चार्जिंगचे दोन छोटे दिवे, मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर आणि पॅडलवर पिवळे, एवढे हवेच. पॅडल वरखाली होत असल्यामुळे त्यावरचे रिफ्लेक्टर लांबून लुकलुकतात आणि पुढे सायकल आहे हे चालकाला लगेच उमगते. पुढचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांवर न धरता रस्त्याकडे झुकलेला असावा.

आता तुमच्याकडूनही काही अपेक्षा. मागच्या ट्रॉलीच्या पाठीमागचे रिफ्लेक्टर चिखलाने आणि पाचटाने झाकले जातात. फडातून बाहेर पडताना एकदा फडक्याने पुसले तर मागून येणाऱ्या सायकलस्वाराचा जीव वाचू शकतो. ट्रॉली पंक्चर झाली की चाकांना आणि मागे रस्त्यावर मोठे दगड लावले जातात. काम आटोपल्यावर ट्रॉली निघून जाते, दगड मात्र तिथेच राहतात. मोटारीच्या दिव्यात ते दिसतात, सायकलच्या मिणमिणत्या उजेडात दिसत नाहीत. रस्त्यावर सांडलेले उसाचे कांडे चाकाखाली आले की सायकल रुळावर घसरावी तशी घसरते. आणि ट्रॅक्टरवरचा टेप थोडा हळू ठेवलात तर मागची घंटी नाही, पण निदान शेजारची हाक तरी तुम्हाला ऐकू येईल.

प्रश्न : माझी मुलगी या वर्षी आठवीत गेली आहे आणि सायकलने शाळेत जाण्याचा हट्ट धरते आहे. राजवाडा ते पोवई नाका हा रस्ता पाहून मला धीर होत नाही. पाठवावे का?
(एक आई, सातारा)

उत्तर : ताई, पाठवा, पण आधी काही दिवस तिच्याबरोबर तुम्ही किंवा घरातले कोणी तरी दुसऱ्या सायकलवरून जा. रस्ता जवळचा असण्यापेक्षा कमी वर्दळीचा असणे महत्त्वाचे आहे. साताऱ्याच्या पेठांतून अनेक आतले रस्ते आहेत. चार मिनिटे जास्त लागली तरी हरकत नाही. सुटीच्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर ते फिरून पाहा आणि कोणत्या कोपऱ्यावर उतरून सायकल हातात धरून रस्ता ओलांडायचा, हे दोघींनी मिळून ठरवा.

सायकल चालवता येणे आणि रस्त्यावर सायकल चालवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेषा न सोडता मान वळवून मागे पाहणे, हे तिला आधी मोकळ्या मैदानावर शिकवा. सुरुवातीला मान जिकडे वळते तिकडेच हँडलही वळते. सराव झाल्यावर ते थांबते. त्यानंतर एक हात सोडून वळण्याची खूण करणे. दप्तर पाठीवर दोन्ही पट्टे घालून किंवा कॅरिअरला घट्ट बांधून न्यावे. हँडलला अडकवलेली पिशवी पुढच्या चाकात जाते. ओढणी असेल तर ती मागे गाठ मारून घ्यावी आणि चेनगार्ड असलेलीच सायकल घ्यावी. ‘पुढे वापरता येईल’ म्हणून उंच सायकल घेऊ नका. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकलेच पाहिजेत.

कडेला उभ्या असलेल्या मोटारींपासून तिने एका उघड्या दरवाजाइतके अंतर ठेवावे. बाजारपेठेत चालक मागे न पाहता दरवाजा उघडतात आणि सायकलस्वार त्यावर आदळून रहदारीत फेकला जातो. हे टाळण्याची एक साधी सवय वाचकांपैकी प्रत्येक मोटारचालकाने लावून घ्यावी : उजवीकडचा दरवाजा डाव्या हाताने उघडायचा. तसे केले की खांदा आपोआप वळतो आणि नजर मागच्या रस्त्यावर जाते. डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने उघडावा.

मुलीला कोणी मुद्दाम घासून जाणे, मागे मागे येणे, काही बोलणे असे केले, तर ‘सायकल बंद कर’ हा त्यावरचा उपाय नाही. गाडीचा क्रमांक लक्षात ठेवणे, जवळच्या दुकानात थांबणे आणि ११२ वर दूरध्वनी करणे हे तिला आधीच सांगून ठेवा. घरी सांगितले तर सायकल काढून घेतली जाईल, अशी भीती तिच्या मनात राहिली तर ती तुम्हाला काही सांगणार नाही.

प्रश्न : मी सत्तरीतला आहे. रोज पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने फिरायला जातो. अलीकडे हेल्मेट आणि चष्मे घातलेले तरुण उतारावरून इतक्या वेगाने आणि आवाज न करता अंगावरून जातात की छातीत धस्स होते. सांगायला गेले की म्हणतात, आजोबा, तुम्हीच मध्ये चालता. या नव्या सायकलवाल्यांना कोणी शिकवणार आहे की नाही?
(एक ज्येष्ठ नागरिक, सातारा)

उत्तर : आजोबा, तुमचा राग योग्य आहे. मोटारचालकाने आपल्याला जागा द्यावी म्हणून जो सायकलस्वार भांडतो, तोच सकाळच्या उतारावर पायी चालणाऱ्याला जागा देत नसेल, तर त्याच्या भांडणात काही दम राहत नाही. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर सकाळच्या वेळी सायकल हेच सर्वांत वेगवान वाहन असते, आणि जबाबदारीही तिचीच अधिक.

तरुण वाचकांसाठी सांगतो. महागड्या सायकलींना घंटी नसते, कारण ती दुकानात वेगळी घ्यावी लागते आणि ‘वजन वाढते’ म्हणून कोणी लावत नाही. ती लावा. पाठीशी येऊन वाजवली तर माणूस दचकतो आणि नेमका नको त्या बाजूला उडी मारतो. म्हणून पंचवीस-तीस पावले आधी एकदाच वाजवावी, वेग चालण्याच्या वेगाच्या जवळ आणावा, आणि ‘काका, उजवीकडून येतोय’ असे सांगून दूरवरून पुढे जावे. ज्येष्ठांना कमी ऐकू येते, काहींच्या कानात भजनांचे इअरफोन असतात, लहान मूल हात सोडून पळते, कुत्रे आडवे येते. या साऱ्यांसाठी ब्रेकवर बोटे असणे हे सायकलस्वाराचे काम आहे. उतारावर वेगाची नोंद करण्याची हौस असेल तर ती त्या रस्त्यावर आणि त्या वेळी नको. पुढे गेल्यावर मान हलवून किंवा हात उंचावून आभार मानायला काही खर्च येत नाही. साताऱ्यात ‘रामराम’ म्हटले तरी पुरते.

तुम्हालाही एक विनंती. चार-पाच मित्र गप्पा मारत रस्त्याच्या रुंदीभर चालतात, हे मी पाहतो. पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने चालावे, म्हणजे आपल्या बाजूने येणारे वाहन समोरून दिसते. वळणावर मात्र एकामागे एक व्हावे. अंधार असेल तर अंगात पांढरा सदरा असावा.

प्रश्न : आमचा पंधरा जणांचा गट रविवारी यवतेश्वर घाट चढून कासकडे जातो. दोघे दोघे शेजारी चालवले तर वाहनचालक चिडतात. गटाने चालणे हा आमचा हक्क नाही का?
(एक सायकलप्रेमी, गोडोली)

उत्तर : हक्क आहे, परंतु तो घाटात बजावण्यासारखा नाही. मोकळ्या, रुंद आणि सरळ रस्त्यावर दोघांनी शेजारी चालण्यात मला गैर वाटत नाही. ओलांडणाऱ्यालाही ओळ छोटी मिळते. यवतेश्वरच्या वळणांवर समोरचे दिसत नाही, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी, आणि फुलांच्या हंगामात पर्यटकांच्या मोटारींची रांग. तिथे एकामागे एकच चालावे. पंधरा जणांची सलग ओळ करू नका. चार-पाच जणांचे गट करून दोन गटांत एखादी मोटार आत येऊ शकेल इतके अंतर ठेवा, म्हणजे तिला एका दमात सगळ्यांना ओलांडण्याचे साहस करावे लागणार नाही. फोटोसाठी थांबायचे असेल तर वळणावर न थांबता डांबराच्या पूर्ण बाहेर थांबावे. सायकली रस्त्यावर आडव्या टाकू नयेत.

डोंगरी रस्त्यांचा एक नियम वाहनचालक विसरले आहेत. रस्ता अरुंद असेल तिथे उतरणाऱ्या वाहनाने चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. चढावर थांबलेल्याला पुन्हा सुरुवात करणे कठीण जाते, म्हणून तो नियम आहे, आणि हे सायकलइतके दुसऱ्या कोणत्या वाहनाला लागू पडेल? तुम्ही उतरत असाल तेव्हा तो नियम तुम्हालाही आहे, हे लक्षात असू द्या. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी वेग कमी करून वळणात ते सैल सोडा, नाहीतर रिम तापते आणि ओल्या रस्त्यावर मागचे चाक घसरते.

प्रश्न : मी महाविद्यालयात आहे. जाड टायरची सायकल घेतली आहे आणि डोंगरातल्या पायवाटांवर चालवायला आवडते. एकदा एका गुराख्याने फार सुनावले, कारण त्याच्या म्हशी उधळल्या. पायवाटेवरचे रीतिरिवाज काय असतात? कासच्या पठारावर सायकल नेता येईल का?
(एक विद्यार्थी, सातारा)

उत्तर : त्या पायवाटा तुमच्या हौसेसाठी पडलेल्या नाहीत, गुरे, शेतकरी, शाळकरी मुले आणि डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया यांच्या पायांनी त्या पडल्या आहेत. तिथे तुम्ही पाहुणे आहात. म्हशींना सायकल हा प्राणीच कळत नाही : पाय नाहीत, आवाज नाही आणि अंगावर चालून येते. कळप दिसला की लांबच थांबा, उतरा, आणि माणसाच्या आवाजात बोला, म्हणजे हे माणूस आहे हे जनावराला समजते. घंटी वाजवू नका. गुराख्याला विचारा, तो कोणत्या बाजूने जा हे सांगेल. अरुंद आडव्या वाटेवर गुरे येत असतील तर डोंगराच्या अंगाला उभे राहा, दरीच्या अंगाला नाही. मोळी घेतलेली बाई समोरून आली तर तिला वाट सोडायला लावू नका. डोक्यावर ओझे असताना वाटेवरून खाली पाय ठेवणे किती अवघड आहे, ते ओझे घेतल्याशिवाय कळत नाही. सायकल बाजूला उचलून घ्या. दोन सायकली समोरासमोर आल्या तर चढणाऱ्याला वाट द्या. शेताच्या कुंपणाचे कवाड जसे होते तसे पुन्हा लावा.

पावसाळ्यात ओल्या पायवाटेवर सायकल नेऊच नये, असे माझे ठाम मत आहे. ओल्या मातीत टायरची चरी पडते, पुढच्या सरीत पाणी त्या चरीतून वाहते, तिचा ओघळ होतो, आणि दोन पावसाळ्यांत गावकऱ्यांची वाट मोडते. पुष्कळांना चिखलात चाक घसरवत नेण्यात मजा वाटते. ती मजा गावाच्या वाटेच्या जिवावर असते.

कासच्या पठारावर, म्हणजे फुले असलेल्या भागात, सायकल नेऊ नका. डांबरी रस्त्याने पठारापर्यंत जरूर जा. कास हे पश्चिम घाटातल्या त्या ठिकाणांपैकी आहे, ज्यांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. जांभ्या खडकाच्या सपाट कातळावर मातीचा अगदी पातळ थर, काही ठिकाणी तर बोटभरही नाही, आणि त्यावर ती सारी वनस्पतिसृष्टी उभी आहे. सीतेची आसवे आणि गेंद यांची रोपे इतकी लहान असतात की ती पाहायला खाली बसावे लागते. दवबिंदूचे रोप तर जमिनीला चिकटूनच असते. खडकावरून हा थर एकदा निघाला की तो पुन्हा जमायला माणसाचे आयुष्य पुरत नाही, आणि जाड टायरची नक्षी तो थर खरवडून काढण्यासाठी पुरेशी असते. सायकल वाहनतळावर कुलूप लावून ठेवा आणि आखून दिलेल्या वाटेने पायी फिरा.

प्रश्न : एका मोटारीने मला धडक दिली आणि ती न थांबता निघून गेली. मनगट मोडले. पोलिसांत गेलो नाही, कारण सायकलला ना विमा ना क्रमांक. सायकलस्वाराला कायद्याने काही मिळते का?
(एक वाचक, वाढे फाटा)

उत्तर : मिळते, आणि सायकलला विमा नसणे ही त्यात अडचण नाही, विमा मोटारीचा असावा लागतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १३४ नुसार अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. वाहनाचा क्रमांक कळला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. वाहन सापडलेच नाही तरी केंद्र सरकारच्या योजनेत गंभीर दुखापतीसाठी ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख रुपये मिळण्याची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून आहे. मोडलेले हाड ही कायद्याच्या दृष्टीने गंभीर दुखापतच आहे. हा अर्ज तालुक्यातल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे महसूल खात्याच्या अधिकाऱ्याकडे, करायचा असतो. त्यासाठी पोलिसांतली नोंद आणि रुग्णालयाची कागदपत्रे लागतात. आता उशीर न करता पोलीस ठाण्यात जा, एक्स-रे आणि उपचारांचे कागद बरोबर घ्या, त्या वेळी तिथे असलेल्या टपरीवाल्याचे किंवा वाटसरूचे नाव सांगा आणि जवळपासच्या दुकानांचे कॅमेरे तपासण्याची लेखी विनंती करा. ती चित्रे थोड्याच दिवसांत पुसली जातात.

अशा वेळी मदत करायला लोक कचरतात, कारण पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल ही भीती असते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, त्यामुळे रस्त्यात पडलेला सायकलस्वार दिसला तर १०८ ला कळवून त्याच्याजवळ निर्धास्तपणे थांबावे. आणि तुमची वाकलेली सायकल अजून दुरुस्तीला दिली नसेल तर देऊ नका. पंचनामा होईपर्यंत ती आहे तशीच ठेवा, आणि शक्य असेल तर धडकेचा रंग लागलेल्या भागाचे जवळून फोटो आजच काढून ठेवा.